विषाची परीक्षा

विषाची परीक्षा कुणी बघावी, असं लोक म्हणतात
तेव्हा मी गप्प बसतो.
एकवीस वर्षं मी तीच बघितली,
महिना पगारावर,
राजारामपुरीपलीकडच्या फार्मसी कॉलेजच्या मागं,
पत्र्याच्या प्राणीघरात.

आदल्या रात्री दाणे काढून घ्यायचे. उंदरांना उपास.
सकाळी एकेकाचं वजन,
मग पिक्रिक ॲसिडचा बोळा:
डोक्यावर टिपका म्हणजे एक नंबर, पाठीवर दोन, शेपटीवर तीन.
पिवळे पिवळे, हळद लागल्यागत दिसायचे.
मग सुईचं गोल बोंड घशातून हळू खाली,
आणि घड्याळ.
कोण थरथरतं, कोण कोपऱ्यात तोंड खुपसतं,
कोण उगाच मिशा पुसत राहतं,
सगळं वहीत.
असे चौदा दिवस.

मुजावर मॅडम पोरांना सांगायच्या,
सगळे मेले तर काही कळत नाही,
कुणीच मेलं नाही तरी कळत नाही.
निम्मे मरतात ती मात्रा धरायची,
किलोला किती मिलिग्रॅम, अशी लिहायची.
आकडा जेवढा बारका तेवढं विष जहाल.
फळ्यावर रेघ काढायच्या, करूळच्या घाटासारखी,
खाली सपाट, मग एकदम चढ, वर पुन्हा सपाट.
चढाच्या मधोमध खडू टेकवून म्हणायच्या, "इथं."

मात्रा मला त्याआधी फक्त अक्षरावरची ठाऊक होती.
'मला'वर एक चढली
की 'मेला'.

एकदा कुणी विचारलं, आकडाच नाही असं काही असतं का?
मॅडम म्हणाल्या, मला तरी सापडलेलं नाही.
मिठाला आहे, साखरेला आहे,
पाण्यालासुद्धा आहे,
आणि पंचगंगेचं म्हणत नाही मी, चांगलं उकळून गाळलेलं.
वडणग्याचा एक गुऱ्हाळवाल्याचा पोरगा
तासभर गुळाचं गणित मांडत बसला,
शेवटी म्हणाला, "त्याआधी पोटच फुटतंय की वो."

आम्ही जैन. आव्वा पाणी दुहेरी फडक्यातनं गाळते,
दिवस मावळायच्या आत जेवते,
मुंगी आडवी आली तर थांबते.
मी पायावर पाणी घेत असताना विचारायची,
"किती गेली रं आज?"
"पाच."
"आणि ऱ्हायलेली?"
"ऱ्हायली."

त्या दिवसापुरतं ते खोटं नव्हतं.
पंधराव्या दिवशी ऱ्हायलेल्यांनाही
मारून, उघडून बघायचं असतं,
काळीज, यकृत, मूत्रपिंड.
ते तिला कधी सांगितलं नाही.
आलेखावर ते जिवंतच धरतात.
आमच्या घरातही तसेच धरले.

आता नियम बदलले, तीन-तीनच घेतात म्हणे,
आमच्या प्राणीघरात तर झेरॉक्सचं मशीन बसलंय.
मी रिटायर.
आव्वा अडतीस किलोवर आलीय.
नाडी वेडीवाकडी पळते, म्हणून डॉक्टर हिरेमठांनी
डिजॉक्सिन लिहून दिलंय,
अर्धी गोळी, शनिवार-रविवार सुट्टी.
औषध हेच, विषही हेच,
मधे जागा एका बोटाची.

दिवस मावळायच्या आत
मी कोऱ्या ब्लेडनं गोळी कापतो,
दोन्ही अर्धुकं उजेडाला धरून बघतो.
वहीत तारीख, वेळ, नाडी. वजन सोमवारी.
"सगळं पिवळं दिसाय लागलं तर लगेच सांग," म्हणतो.
ती हसते. "हळद लावतोस व्हय मला, ह्या वयात?"

आज शुक्रवार.
तिनं गोळी जिभेवर ठेवली, गाळलेलं पाणी प्याली,
मग कागदातल्या दुसऱ्या तुकड्याकडं बोट करून,
"आणि ऱ्हायलेली?"

"ऱ्हायली," मी म्हटलं.
"सोमवारला."